चंद्री म्हशीचा चौथा भाग

रोहिणी गेली त्याला आज वर्ष झालं, आणि लोक मला अजून म्हशीबद्दल विचारतात.

"चौथा भाग कधी येणार?"

"म्हैस सापडते का, तेवढं तरी सांगा."

मी उत्तर देत नाही. ऑफिसमधून येते, फोन उघडते, वाचते, बाजूला ठेवते. खरं सांगायचं तर दमलेय मी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मी आणि रोहिणीनं मिळून मोबाइलवरचा एक गेम केला होता. औरंगपुऱ्यात स्टेशनरीच्या दुकानावरची एक खोली भाड्यानं घेतली होती. रोहिणी गोष्ट लिहायची, चित्रं काढायची. मी कोडिंग करायचे.

गोष्ट साधी. दुष्काळात सगुणा नावाच्या मुलीची चंद्री म्हैस हरवते. सगुणा तिला शोधत गावोगाव फिरते.

अख्खा गेम एकदम करायची आमची ऐपत नव्हती. म्हणून भाग पाडले. एक भाग तयार झाला की विकायला ठेवायचा, मग पुढच्याला हात घालायचा. प्रत्येक भाग वेगळा डाउनलोड, किंमतही वेगळी.

ते दिवसच तसे होते. बायपासला फ्लॅटच्या नव्या नव्या स्कीम उभ्या राहत होत्या, होर्डिंगवर 'चोवीस तास पाणी' लिहिलेलं. आणि गल्लीच्या तोंडाशी टँकर आला की आम्ही दोघी लॅपटॉप तसेच टाकून कळशा घेऊन पळायचो. रोहिणी पिशोर गावची. तिच्या घरची जनावरं तेव्हा दुष्काळामुळं सरकारी चारा छावणीत होती.

पहिल्या भागाच्या शेवटी चंद्री सापडली.

मी म्हटलं, "अगं, इथंच सापडली तर दुसरा भाग कोण घेणार?"

"मंग काय, हरवलेलीच ठिवू?"

"हो. लोक पुढचा भाग घेईपर्यंत."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी लॅपटॉप उघडून कामाला लागले.

दुसऱ्या भागात चंद्री परत हरवली. शेवटी परत सापडली.

पुण्याच्या एका कंपनीला आमचा गेम आवडला होता. तिथल्या साहेबांनी फोनवर समजावलं, "मॅडम, थोडं अडकवा ना लोकांना. शेवट मोकळा सोडा."

रोहिणी म्हणाली, "दादा, जनावर हरवलं की घरात कुणाच्या घशाखाली घास उतरत नाय. त्या टायमाला माणसाला म्हणू, आधी पैसे भरा, मंग सांगते? मला नाय जमायचं ते."

साहेबांनी नंतर फोन केला नाही.

लोकांनी रिव्ह्यूमध्ये आमची यथेच्छ खेचली. 'ही म्हैस आहे का कोण, कितीदा हरवते?' वैजापूरच्या एकानं तर अगदी सभ्यपणे लिहिलं, 'पहिला भाग घेतला. म्हैस सापडली. समाधान वाटले. आता पुढचा कशाला?' रोहिणीला तो रिव्ह्यू फार आवडायचा. येईल त्याला वाचून दाखवायची.

तिसऱ्या भागात सगुणा छावणीवर पोहोचते. शेकडो जनावरं, आणि त्यातली कुठलीही दोन सारखी दिसायला नकोत हा रोहिणीचा हट्ट. खऱ्या छावणीवर जाऊन बसायची, वहीत शिंगं काढायची, शेपट्या काढायची, शेणात बरबटून परत यायची.

तेव्हाच ती आजारी पडली. आधी कावीळ वाटली. मग डॉक्टरांनी मोठं नाव सांगितलं.

छावणीचा शेवटचा सीन तसाच राहिला होता. ती बसायची, दोन म्हशी काढायची आणि आडवी व्हायची.

एक दिवस तीच म्हणाली, "इथंच तोड."

"चंद्री सापडली नाही अजून."

"पुढच्या भागात सापडल ना. तवर मी बरी व्हते."

पहिल्यांदाच आमचा भाग म्हैस न सापडता संपला. आणि तोच सगळ्यात जास्त खपला.

दवाखान्यात मी तिला मेसेज वाचून दाखवायचे. ती हसायची. "बघ, आता कशी लई आठवण यायली लोकाला चंद्रीची." मग थोड्या वेळानं, डोळे मिटूनच, "तिला तशी नाय ठिवायची हां. घरी गेले की पैलं काम तेच."

ती घरी गेली नाही.

खोली सोडली. मी नोकरी धरली. मेसेज येत राहिले. मला त्यांचा राग यायचा, आणि त्यांची काही चूक नव्हती हेही कळायचं.

गेल्या आठवड्यात, तिथीनं आलेल्या वर्षश्राद्धाला पिशोरला गेले होते. जेवणं झाल्यावर रोहिणीची आई माझ्याशेजारी येऊन बसली.

"ती म्हस सापडली का गं?"

मला वाटलं खरीच एखादी म्हैस. मग लक्षात आलं.

"नाही मावशी. पुढचं रोहिणीनं काढलंच नाही."

"मंग अजून हिंडतीच?"

मी होकाराची मान हलवली.

मावशी पदराच्या टोकाशी चाळा करत म्हणाली, "माझी पोरगी काय आता यायची नाय, मला कळतं. पर म्हस तर तुझ्या हातात हाय. तेवढी आणून बांध."

परतीच्या बसमध्ये कन्नड गाव येईपर्यंत रडले.

मला चित्र काढता येत नाही. रोहिणीनं काढली तशी शेकडो जनावरं तर मला सात जन्मांत जमायची नाहीत. पण पहिल्या भागातली, घराकडे चालत येणारी चंद्री होती. तिनं काढलेली. आणि छावण्या तर आता उठल्यात. म्हणून मी छावणी रिकामी दाखवली. दाव्याचे खुंट, तुडवलेला कडबा, आणि पलीकडून एकटी चालत येणारी म्हैस. सगुणा पुढं होते आणि तिच्या गळ्यात दावं घालते.

एवढाच आहे चौथा भाग. आजपासून डाउनलोड करता येईल. किंमत ठेवलेली नाही. यानंतर भाग नाही.

ज्यांनी वर्षभर विचारलं, त्यांचे आभार. उत्तर द्यायला उशीर झाला.

रोहिणी, चंद्री बांधली गं.

तू निघालीस तरी चालेल आता.