वॉल्टर होरकॉफकडची छाटणी

वॉल्टर होरकॉफचं घर आतून कसं आहे हे सांगू शकेल असा एकही माणूस कॅनडातल्या स्लोकनच्या खोऱ्यात सापडला नसता. घर काही रानात नव्हतं, चांगलं रस्त्याला लागून होतं, पण येणाऱ्याला वॉल्टर फाटकावरच गाठायचा. विजेचा मीटरसुद्धा त्याने पदरचे पैसे घालून फाटकाच्या खांबावर हलवून घेतला होता, म्हणजे आकडे टिपायला येणाऱ्याला आत पाऊल टाकायचं कारणच उरू नये. गप्पांना मात्र तो कधी नाही म्हणाला नाही. फाटकावर कोपर टेकून तो तासभर बोलायचा, बर्फ पडत असलं तरी बोलायचा, आणि मग एकटाच आत जायचा.

कारण तळघरात होतं. १९८९ साली लाकडं कापायची गिरणी बंद पडली तेव्हा वॉल्टर चौतीस वर्षांचा होता. गिरणीतल्या निम्म्या लोकांनी गाशा गुंडाळून शेजारचा अल्बर्टा प्रांत गाठला. मागे राहिलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी तळघरात दिवे टांगले आणि गांजा लावला. वॉल्टरचा स्वभाव मुळात भित्रा. त्याने बारा झाडं लावली आणि तिथेच थांबला. घरपट्टी, गाडी आणि आईची औषधं एवढं त्यातून निघायचं. आई रशियातून आलेल्या दुखोबोर पंथातली, जुन्या वळणाची बाई, मांस, दारू, तंबाखू यांना घरात थारा न देणारी. खाली टोमॅटो आहेत, असं त्याने तिला सांगितलं होतं. ते टोमॅटो कधी जेवणात कसे येत नाहीत, हे तिने मरेपर्यंत विचारलं नाही.

झाडांचं त्याला पुढे खरंच वेड लागलं. अठरा तास उजेड देऊन वाढवायचं, मग उजेड बारा तासांवर आणला की फुलोरा धरतो. नर झाड वेळीच ओळखून उपटायचं, नाहीतर सगळी बोंडं बियांनी भरतात आणि तीन महिन्यांची मेहनत मातीत जाते. हे सगळं तो स्वतःच्या चुकांतून शिकला, कारण विचारायचं कुणाला? आणि एखादं झाड फारच देखणं झालं, बोंडांवर चीक साखरेसारखा चमकायला लागला, तर ते दाखवायचं कुणाला? छाटणीच्या दिवसांत याचा त्याला फार त्रास व्हायचा. वाळलेल्या बोंडांभोवतीची बारीक पानं कात्रीने काढायचं काम मोठं कंटाळवाणं असतं. दुसऱ्यांकडे त्यासाठी माणसं जमायची, टेबलाभोवती बसायची, खायची-प्यायची, एकमेकांची उणीदुणी काढायची. वॉल्टर रेडिओ लावून एकटा बसायचा आणि बातम्या देणाऱ्याशी वाद घालायचा.

दार वाजलं तर काय करायचं, याचा एक नियम होता. रेडिओ बंद. पंखा बंद. जिथे असू तिथेच उभं राहायचं, पावलं दूर जाईपर्यंत. बहुतेक वेळा कुणी धर्मप्रचारक असायचा, एकदा वाट चुकलेला जर्मन पर्यटक होता. पोलीस एकदाही आले नाहीत.

या लपवाछपवीपायी मर्ना गेली. मर्ना जवळच्या नेल्सन गावातल्या ग्रंथालयात कामाला होती, आणि चार वर्षं वॉल्टर दर शनिवारी तिच्याकडे जायचा. ती कधीकधी म्हणायची, "एकदा मला तुझं घर दाखव की." वॉल्टर म्हणायचा, "आवरलेलं नाही गं." चार वर्षं त्याचं घर आवरलेलं नव्हतं. आत घेतलं आणि उद्या धाड पडली तर ती फुकट अडकेल, तिची नोकरी जाईल, या विचाराने त्याची झोप उडायची. तिला वाचवायचं म्हणून त्याने तिला उंबऱ्याबाहेर ठेवलं. पाचव्या वर्षी ती केलोनाला निघून गेली आणि तिथे लग्न केलं. वॉल्टरने मनाची समजूत घातली की निदान ती सुटली.

मग २०१८ साली सरकारने कायदाच बदलला. आता कुणीही घरात चार झाडं लावावीत, कोण विचारतो. वॉल्टरने बारातली आठ उपटली आणि आता माणसं येतील म्हणून थांबला. वर्ष गेलं, कुणी आलं नाही. लोकांना फाटकाची सवय झाली होती. त्यांनी आपणहून यायचं म्हटलं तरी का यावं? बोलवायला हवं होतं, आणि बोलवायचं कसं हे चौसष्टाव्या वर्षी वॉल्टरला ठाऊक नव्हतं.

शेवटी नोव्हेंबरात, चारही झाडं उतरवून सुकायला टांगल्यावर, दुकानात बटाटे निवडताना त्याने पॉली माकोर्टोफला गाठलं. पॉली दोन घरं पलीकडची, त्याच्याच वयाची, तोंडाची तिखट. तिच्याबरोबर तिचा दीर डेनिस होता. डेनिसने पंचवीस वर्षं त्या रस्त्यावर टपाल वाटलं होतं.

"शनिवारी दुपारी या," वॉल्टर म्हणाला. हे वाक्य तो गाडीत चार वेळा म्हणून आला होता. "दोघंही या. दोन वाजता. छाटायचं आहे."

"काय छाटायचं आहे? केस?" पॉलीने विचारलं.

"झाडं. माझी."

पॉलीने बटाटा खाली ठेवला. "फाटकावर बसून छाटायचं का?"

"आत," वॉल्टर म्हणाला आणि त्याचे कान लाल झाले.

"बोर्श्टचं सूप आणते मग," पॉली म्हणाली. "तुझ्याकडे वाट्या तरी आहेत ना? का एकाच वाटीत खातोस?"

वॉल्टरकडे एकच वाटी होती. तो त्याच दिवशी चार विकत घेऊन आला, आणि तीन कात्र्याही. शनिवारी सकाळपासून त्याने फरशी दोनदा पुसली. टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं, कात्र्यांना चिकटलेला चीक पुसायला तेलाची बशी ठेवली, खुर्च्या तीन होत्या म्हणून चौथं स्टूल आणलं, आणि चौथं कुणी येणार नाही हे लक्षात आल्यावर ते परत नेलं. आपल्याला इतका आनंद झालाय याची त्याला लाज वाटत होती. दोनला पाच मिनिटं असताना तो टांगलेल्या फांद्या आणायला तळघरात उतरला.

तेवढ्यात दार वाजलं.

वॉल्टरचा हात गेला आणि रेडिओ बंद झाला. दुसऱ्या हाताने पंखा बंद केला. फांद्या छातीशी धरून तो जागच्या जागी उभा राहिला. दार पुन्हा वाजलं. "वॉल्टर! अरे ए वॉल्टर!" आवाज पॉलीचा होता. ते त्याच्या कानांना कळलं, पायांना कळलं नाही. श्वाससुद्धा तो तोंड उघडं ठेवून, आवाज न करता घेत होता. वर डेनिस काहीतरी बोलला. पावलं पायऱ्या उतरली, गाडीची दारं लागली, गाडी सुरू झाली. ती वळणापर्यंत गेल्यावर वॉल्टरच्या अंगातला ताण उतरला आणि आपण काय केलं ते त्याच्या ध्यानात आलं.

तो वर धावला. दार उघडलं तर पायरीवर टॉवेलात गुंडाळलेलं पातेलं होतं, अजून गरम, आणि बर्फात दोन माणसांच्या पावलांचे ठसे होते. वॉल्टरला रडू फुटलं. इतक्या वर्षांनी आलेली माणसं त्याने स्वतःच्या हाताने परत पाठवली होती. मग तो फोनकडे गेला. मी दुकानात गेलो होतो, असं सांगायचं त्याने ठरवलं. ते सोपं होतं, सरावाचं होतं.

"पॉली," तो म्हणाला, "मी घरातच होतो."

"माहीत आहे रे," पॉली म्हणाली. "रेडिओ बंद झाला ना. डेनिस म्हणाला, बिचारा घाबरला, चल जाऊ या. येऊ का परत?"

"या," वॉल्टर म्हणाला. "या. मी दारातच उभा राहतो."

ती दोघं आली. पॉलीने आल्या आल्या पडदे ओढून उघडले, फरशीकडे बघितलं आणि "बरं ठेवलंयस की!" म्हणाली. तिघं टेबलाशी बसले. डेनिसला कात्री धरता येत नव्हती. तो पानांऐवजी बोंडंच कापत होता आणि वॉल्टर त्याला शिकवत होता. बोट असं धर, खालून घे, घाई करू नकोस. शिकवताना वॉल्टरचा आवाज चढला होता. कुणाला तरी हे सगळं सांगता येतंय याचं त्याला सुख वाटत होतं. बोर्श्ट झालं, दुसऱ्यांदा वाढून झालं.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?" वॉल्टरने विचारलं.

डेनिस हसायला लागला. "अरे बाबा, डिसेंबरात सगळीकडे गुडघाभर बर्फ आणि तुझ्या तळघराच्या भिंतीशी दिव्यांच्या उबेने हिरवं गवत! आंधळ्याला दिसलं असतं. मी निवृत्त झालो तेव्हा नव्या पोराला बजावलं, होरकॉफचं पार्सल फाटकावर ठेवायचं, घंटा वाजवायची नाही, माणूस दचकतो."

"आणि मी पोरांना सांगायचे," पॉली म्हणाली, "हॅलोवीनला खाऊ मागायला त्या घरी जायचं नाही. तुला वाटलं असेल, तुझ्याकडे कुणी येत नाही. सगळं खोरं तुझी राखण करत होतं, मूर्खा."

वॉल्टरही हसला. मग हसता हसता थांबला. त्याने कात्री वर्तमानपत्रावर ठेवली.

"मर्नाला माहीत होतं?"

पॉलीने डेनिसकडे पाहिलं. डेनिसने मान खाली घालून कापायला घेतलं.

"तिला सगळ्यांत आधी," पॉली म्हणाली. "तुझ्या कोटाला वास यायचा. ग्रंथालयात एकदा मला म्हणाली होती, तो स्वतःहून सांगेल त्या दिवशी मी सामान घेऊन तिथे राहायला जाईन."

"मग तिने विचारलं का नाही?"

"विचारलं असतं तर तू काय सांगितलं असतंस? टोमॅटो?"

वॉल्टरला मर्नाचं घर आठवलं. चार वर्षं, दर शनिवारी, ती त्याचा कोट दारामागच्या खुंटीला टांगायची. टांगण्याआधी क्षणभर हातात धरून ठेवायची. आपला कोट तिला आवडतो, असं त्याला वाटायचं.

"सुखात आहे ती," पॉली हलक्या आवाजात म्हणाली. "आजी झालीय, दोन नाती आहेत."

"बरं झालं," वॉल्टर म्हणाला. तो उठला. "खाली अजून थोडं राहिलंय. घेऊन येतो."

खाली काही राहिलं नव्हतं. दोऱ्या मोकळ्या होत्या. वॉल्टर त्या दोऱ्यांखाली उभा राहिला. वर खुर्ची सरकली, डेनिस काहीतरी म्हणाला आणि पॉली मोठ्याने हसली. त्याच्या घरात माणसं होती. इतकी वर्षं त्याला हेच हवं होतं, आणि आता त्याला एवढंच वाटत होतं की त्यांनी लवकर जावं. थोड्या वेळाने पॉलीने वरून हाक मारली, "वॉल्टर, सापडलं का रे?" तो जिथे होता तिथेच उभा राहिला, पावलं दूर जाण्याची वाट बघत.