वहिनींची मूठ

नवऱ्याचं टोपणनाव बायकोच्या वाट्याला येणं काही नवीन नाही, पण वहिनींच्या वाट्याला आलं ते जरा जडच होतं. डेपोतली माणसं त्यांना 'कुदळ्याची मंडळी' म्हणत, आणि एकदा तर गॅसवाल्यानं पावतीवर 'कुदळे' असं आडनावच लिहून टाकलं. त्यांचे यजमान बस डेपोत मेकॅनिक. आठवडाभर बसच्या पोटाखाली, आणि रविवार उजाडला की खांद्यावर कुदळ टाकून शहरामागच्या डोंगरावर. तिथं ते वाट खणत. ती वाट पायी चालणाऱ्यांसाठी नव्हती, सायकलींसाठी होती. जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगर उतरायचं वेड असलेल्यांचा एक क्लब होता. बाकीचे सायकल चालवत आणि हे गृहस्थ त्यांच्यासाठी वाट करून देत. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात ते हेच. क्लबात ते सगळ्यांचे दादा झाले, म्हणून या सगळ्यांच्या वहिनी. वयानं मोठी असलेली माणसंही त्यांना वहिनीच म्हणत.

वहिनींना त्या डोंगराचा राग होता, आणि का असू नये? चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत त्या दिवसभर काचा घासायच्या. फिरत्या दगडावर थेंब थेंब पाणी पडत असायचं, आणि काचेची कड फिरवत फिरवत फ्रेमच्या मापाला आणायची. जरा जास्त घासली की काच वाया. मान आखडायची, बोटांची टोकं पांढरी पडायची. त्यांनाही आठवड्यातून एकच सुट्टी, आणि नवऱ्याची तीच सुट्टी सवतीकडे जायची. मुलाची शाळेतली नाटकं, त्याचे ताप, त्याच्या परीक्षा, सगळं वहिनींनी एकटीनं निभावलं. मुलगा मोठा झाला, दुसऱ्या शहरात नोकरीला लागला, आणि बापाशी त्याचं बोलणं 'बरं आहे ना' आणि 'बरं आहे' एवढ्यावर येऊन थांबलं. भांडण असतं तर कुणी मध्ये पडून मिटवलं असतं. इथं भांडणही नव्हतं.

पुढं दादांच्या फुप्फुसांनी दगा दिला. डोंगर चढणं बंद झालं, पण डोंगराचा ध्यास कुठला बंद व्हायला? ते पायथ्याशी घडीच्या खुर्चीवर बसत आणि वहिनींना वर पाठवत. "मोठ्या वळणावरची मूठभर माती आण," एवढंच काम. झाडांच्या सावलीत असल्यामुळे त्या वळणावर ओल सगळ्यात जास्त टिकायची. माती मुठीत दाबायची आणि मूठ उघडायची. भुगा होऊन पडली तर वाट चालू. गोळा तसाच राहिला, त्यावर बोटांचे ठसे दिसले, तर वाट बंद. मग वाटेच्या तोंडाशी ओंडका आडवा टाकायचा आणि कुणीही आलं, अगदी पाहुणे आले, तरी हलवायचा नाही. ओल्या मातीत टायर गेला की चर पडतो. पुढचा पाऊस त्या चरातून धावतो, आणि पाण्यानं एकदा वाट धरली की माणसाला ती परत मिळत नाही. "झाकली मूठ सव्वा लाखाची असेल लोकांची," दादा धापा टाकत म्हणायचे, "आपल्याला मात्र उघडून बघावी लागते."

वहिनी सुरुवातीला चिडून जायच्या, नंतर सवयीनं, आणि मग कधी आवडीनं जाऊ लागल्या ते त्यांनाही कळलं नाही. वाट दरीच्या बाजूला जराशी कललेली असते, म्हणजे पाणी तिच्यावर न रेंगाळता ओलांडून जातं, हे त्या शिकल्या. पालापाचोळा कुठं साचतो, कुठला दगड हलवायचा नाही, हेही शिकल्या. दादा गेले त्यानंतरच्या रविवारी त्या कुदळ घेऊन एकट्याच वर गेल्या. नातेवाईक म्हणाले, डोक्यावर परिणाम झालाय. तसं काही नव्हतं. घरात दादांच्या चपला आणि गोळ्यांची पाकिटं तेवढी उरली होती. डोंगरावर मात्र प्रत्येक वळणावर त्यांची अक्कल दिसायची. ज्या डोंगरानं नवरा पळवला, तिथंच तो थोडाफार सापडायचा.

क्लबानं दरवर्षी दादांच्या नावानं एक राइड ठेवायची ठरवली. पद्धत अशी पडली की त्या दिवशी सकाळी सगळ्यांसमोर वहिनींनी मूठ बघायची आणि 'चालू' किंवा 'बंद' म्हणायचं. त्यांचा शब्द शेवटचा. डोंगर पाणीपुरवठा खात्याचा होता, खाली त्यांचा तलाव. तलावात गाळ येता कामा नये या एकाच अटीवर क्लबाला परवानगी होती, त्यामुळे या मुठीला खात्याचे साहेबही मान देत. पहिल्या वर्षी माती भुगा झाली, दुसऱ्या वर्षीही झाली. शब्द द्यायला काही कष्ट पडले नाहीत.

तिसऱ्या वर्षी वहिनींनी मुलाला फोन केला. "या वेळी ये," त्या म्हणाल्या. "बाबांनी काय केलंय ते एकदा बघ. एकदाच उतरून बघ." त्यानं तारीख विचारली. मग तो म्हणाला, "बरं, येतो." वहिनींना आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी दुकानात सगळ्यांना सांगितलं, क्लबाच्या सेक्रेटरीला सांगितलं, भाजीवाल्यालाही सांगितलं. त्यांचा एक सरळ हिशोब होता. बाप गेला तो गेला, पण मुलगा ती वाट उतरला, त्या मोठ्या वळणावर सायकल आपोआप कशी झुकते ते त्यानं अनुभवलं, की त्याच्या मनातली अढी जाईल. बापलेकांची भेट जिवंतपणी झाली नाही, निदान अशी तरी होईल.

राइडच्या आधी अवेळी पाऊस आला. दोन दिवस झोडपून काढलं आणि थांबला. आदल्या दिवशी मुलगा, सून आणि नात आली. मुलानं भाड्यानं सायकल आणली होती, हेल्मेट नवं घेतलं होतं. त्याच्या डोक्यावर ते जरा घट्टच बसत होतं, आणि वहिनी हसून म्हणाल्या, "डोकं बाबांवर गेलंय तुझं." तोही हसला. किती वर्षांनी या घरात बाबा हा शब्द हसून निघाला होता.

सकाळी पायथ्याशी ही गर्दी. दादांचा फोटो असलेला बॅनर, माईक, एकसारखे टी-शर्ट, बाहेरगावाहून आलेल्या गाड्यांची रांग. वहिनी सुतारभाऊंबरोबर वर मोठ्या वळणावर गेल्या. सुतारभाऊ दादांचे जुने जोडीदार. त्यांनी घमेली उचलायची आणि दादांनी खणायचं, अशी त्यांची जोडी. मागून सेक्रेटरी आला. त्याचं खेळाच्या सामानाचं दुकान होतं. माणूस वाईट नव्हता, फक्त घाईत असायचा. "वहिनी, तुम्ही म्हणाल तसं," तो म्हणाला. "बंद म्हणालात तर आत्ता माईकवरून सांगतो." त्याच्या मागं थोड्या अंतरावर मुलगा उभा होता, नवं हेल्मेट हातात घेऊन.

वहिनींनी माती मुठीत घेतली आणि दाबली. उघडण्याआधीच हाताला कळलं होतं; जन्मभर ओल्या दगडावर काम केलेला हात तो. मूठ उघडली तर गोळा तसाच. चारही बोटांचे ठसे स्वच्छ. वहिनींनी मुलाकडे पाहिलं. आज बंद म्हटलं तर तो उद्या जाईल, आणि परत येईल कशावरून? मग त्यांनी अंगठा त्या गोळ्यावर दाबून फिरवला, गोळा फोडला, तुकडे खाली पडू दिले आणि म्हणाल्या, "चालू."

सेक्रेटरीला तेवढंच हवं होतं. पडत्या फळाची आज्ञा घेऊन तो खाली पळाला. सुतारभाऊंनी वहिनींच्या हाताकडे पाहिलं, मग दुसरीकडे पाहिलं, आणि वाटेच्या तोंडाशी जाऊन पावसात टाकलेला ओंडका ओढून बाजूला केला.

पुढं जे झालं ते सांगायला जीभ रेटत नाही. पहिल्या पाच-पन्नास सायकलींतच वळणावर टायर रुतायला लागले. मागून येणारे मधला चिखल चुकवायला काठावरून जाऊ लागले, काठ खचले, गवत तुडवलं गेलं, वाट दुप्पट रुंद झाली. दादांनी आयुष्यभर जपलेला तो कल एका सकाळीत मोडला आणि मधोमध पन्हळ तयार झाली. वहिनी वळणाच्या वरच्या दगडावर उभ्या राहून बघत होत्या. थांबवा म्हणायचं तरी कुठल्या तोंडानं? लोक जाता जाता त्यांना हात जोडत होते.

मुलगा आला तो पायी. सायकल ढकलत, गुडघ्यापर्यंत चिखल. त्यानं वहिनींकडे पाहिलं आणि मान डोलावली, थांबला नाही. खाली पोहोचल्यावर नळावर पाय धुताना तो बायकोला म्हणाला, हळूच म्हणाला, पण वहिनी मागेच होत्या, "या चिखलासाठी बाबा दर रविवारी जायचे." त्यात राग नव्हता. राग असता तर वहिनींना परवडला असता.

त्याच आठवड्यात पाऊस परत आला आणि त्यानं ती पन्हळ धरली. मोठं वळण खालच्या बाजूनं ढासळलं, झाडाची मुळं उघडी पडली, माती धुऊन सरळ तलावात गेली. खात्यानं गाळाचे फोटो काढले आणि डोंगराला तारेचं कुंपण घातलं. साहेबांनी वहिनींना चहा दिला, हळहळ व्यक्त केली, पण अट ती अट. सेक्रेटरीनं दुसरा डोंगर शोधला. तिथं मशीननं तयार केलेली वाट होती, आणि राइडला नाव दादांचंच राहणार होतं. वहिनींनी कुंपण घालायच्या आधी दोन रविवार सुतारभाऊंबरोबर दगड रचून पाहिले. ते पाण्यानं नेले.

दुसऱ्या रविवारी दगड ठेवता ठेवता वहिनी म्हणाल्या, "भाऊ, माती फुटली नव्हती. मी फोडली."

"मला दिसलं," सुतारभाऊ म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

सुतारभाऊ जरा वेळ फावड्याचा दांडा हातात फिरवत राहिले. "दादा असते तर बोललो असतो. हात धरला असता त्यांचा. दादांशी भांडता यायचं. तुमच्याशी कोण भांडणार, वहिनी?"

वहिनी खाली बसल्या. एवढी वर्षं आपण या लोकांतल्याच एक आहोत असं त्या समजत होत्या. सगळे मान देत होते, आणि त्या मानाखाली त्यांना एकटं सोडून दिलं होतं. दादांची चूक झाली असती तर दहा जण ओरडले असते आणि वाट वाचली असती. पण दुसऱ्यांना बोल लावून काय उपयोग? आपलेच दात, आपलेच ओठ.

कुंपण पूर्ण झालं त्या रविवारी त्यांना घरात काय करावं ते सुचेना. भांडी दोनदा घासली, कपाट आवरलं. शेवटी मुलाला फोन लावला. नातीचं सर्दीपडसं विचारून झालं, सुनेची नोकरी विचारून झाली. मग त्यांनी सांगून टाकलं.

"ती वाट अशी नव्हती रे. चिखलाची नव्हती. त्या दिवशी माती ओली होती, बंद म्हणायला हवं होतं. मी चालू म्हणाले. आता सगळं वाहून गेलं, कुंपण घातलंय. तू परत येणार नाहीस असं वाटलं म्हणून केलं मी. तुझ्यासाठी केलं."

तिकडं टीव्हीचा आवाज येत होता. तो बंद झाला. "आई," मुलगा म्हणाला, "माझ्यासाठी कशाला? मला कुठं उतरायचं होतं? मला तर सायकलची भीती वाटते. तुला बरं वाटावं म्हणून आलो होतो मी."

वहिनींनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आदल्या दिवशी सगळीकडे ओल बघून मला वाटलं, सुटलो," तो म्हणाला. "वाटलं, बंद होईल, मग दिवसभर घरी बसू. तुझ्याकडून बाबांचं ऐकायचं होतं मला. ते कसे होते ते मला काहीच माहीत नाही."

"सांगते की," वहिनी म्हणाल्या. पण सुरुवात करायला गेल्या तर वाटेशिवाय त्यांना दुसरं काही आठवेना.