गिरीक साहेबाच्या सणाचं जेवण

आमचे हे सोलापुरात एका गिरीक साहेबाच्या कापसाच्या कचेरीत कारकून होते. इंग्रज नव्हे हो, गिरीक. उन्हाळा लागला की त्यांचा येशू पुन्हा उठल्याचा सण यायचा, आणि आसपासच्या पेठांतले चार-पाच गिरीक व्यापारी बायकामुलांसकट साहेबाच्या बंगल्यावर जमायचे. त्या वर्षी कचेरीतल्या लोकांनाही सहकुटुंब बोलावणं आलं. मी म्हटलं, "तिथलं अन्न कसं शिवायचं?" तर हे म्हणाले, "साहेबाचा मान राखायला नको? गुपचूप चल." नणंदेचं लग्न माढ्याला ठरलेलं, महिन्यावर आलेलं. तरी तीही हट्टानं निघाली.

आणि खरं सांगू? मला लई आवडलं. मडमेनं द्राक्षाच्या पानांत भात गुंडाळून केलेल्या सुरळ्या वाढल्या, वरून लिंबू पिळलेलं. आंबट, गार, आपल्या अळूवडीच्या तोंडात मारतील अशा. वेणीसारखा गुंफलेला, तीळ लावलेला गोड पाव होता. मी चार सुरळ्या खाल्ल्या, नणंदेनं सात. मांसाच्या टेबलाकडं आम्ही दोघींनी पाहिलंसुद्धा नाही. ह्यांनी मात्र लाल रंगवलेलं अंडं हातात घेऊन साहेबाच्या अंड्यावर आपटलं. ज्याचं फुटत नाही त्याचं वर्ष चांगलं जातं म्हणे. ह्यांचं फुटलं नाही. मग स्वतःच फोडलं, सोललं आणि मीठ लावून खाल्लं.

जेवणं झाल्यावर त्यांनी हातात हात धरून फेर धरला. आमच्या हादग्यासारखाच, पण ह्यात पुरुषसुद्धा! मडमेनं मला ओढलं. चार पावलं चुकत टाकली आणि इतकी हसले की पदर सावरेना. सासरी आल्यापासून मी अशी कधी हसले नव्हते.

आठ दिवसांत माढ्याहून निरोप आला. तुमच्यातलं कोण म्लेंच्छांच्या पंगतीला जेवलं? मुलगी जेवली असेल तर लग्न मोडलं समजा. सोप्यात वडीलधारी बसली, आम्ही दोघी दाराआड. हे उठले आणि म्हणाले, "मी नुसता उभा होतो. बहिणीनं पाण्यालाही हात लावला नाही. खाल्लं ते हिनं."

अगं बाई! मीठ लावून अंडं खाणारा हा माणूस! मी एक शब्द बोलले असते तर सगळं उघडं पडलं असतं. नणंदेनं मागून माझा पदर घट्ट धरला. "वहिनी, पाया पडते तुमच्या." मी बाहेर आले आणि म्हटलं, "होय. मी खाल्लं."

प्रायश्चित्ताचं पंचगव्य मी एकटीनं घेतलं, अंगणात, सगळ्यांदेखत. भटजींना पाट कुणी मांडून दिला? ह्यांनी! निर्लज्जपणाची कमाल झाली. लग्न थाटात लागलं. सासूबाईंनी मला मुदपाकखान्यात पाऊल टाकू दिलं नाही. "माढ्याची माणसं आहेत, उगाच कशाला?" म्हणाल्या. मी मागच्या रांगेतून अक्षता टाकल्या. जळफळले, पण पोरीचं भलं झालं म्हणून गप्प बसले.

पुढं नणंद पहिल्यांदा माहेरी आली, सोबत तिची सासू. दोघी उन्हातून आलेल्या, म्हणून मी तांब्या-भांडं घेऊन धावतच पुढं गेले. नणंदेनं हात मागं घेतला. सासूकडं एकदा पाहिलं आणि चांगलं खणखणीत म्हणाली, "तुम्ही राहू द्या, वहिनी. आई देईल पाणी."