पत्र्याखालची झोप

मी नांदेडला मुलीकडे होतो. जेवण आटोपून हात धुतच होतो, तेवढ्यात लातूरहून सुमनवहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे गेले... झोपंतच गेले." मी विचारलं, "पत्र्यात?" अशा वेळी कुणी असं विचारतं का! पण वहिनींना नवल वाटलं नाही. "हाव, पत्र्यातच," त्या म्हणाल्या.

वहिनींचे यजमान, माझे मित्र माधवराव, बांधकाम खात्यात इंजिनिअर होते. भूकंपात गावाकडच्या घराचं माळवद कोसळलं, त्या दगडमातीखाली त्यांची आई गेली. पुढे लातुरात त्यांनी स्वतः उभं राहून स्लॅबचं घर बांधलं, असं भक्कम की गल्लीतले लोक बघायला यायचे. वास्तुशांत झाली आणि हा गृहस्थ उशी काखोटीला मारून अंगणातल्या पत्र्याच्या खोलीत गेला, तो कायमचाच. डोक्यावर जड काही असलं की त्यांचा डोळा लागत नसे. वहिनी मात्र आतच झोपत. सगळ्या हिशेबात पक्का असलेला हा माणूस स्वतःच्याच स्लॅबला भ्यायचा, यावरून आम्ही त्यांची भरपूर थट्टा केली.

निवृत्तीनंतर आम्ही चारपाच मित्रांनी अभ्यासगट काढला होता. दर रविवारी माधवरावांच्या ओसरीत बसायचं, शहराच्या एखाद्या प्रश्नावर वाद घालायचा आणि टिपण लिहून महापालिकेला द्यायचं. वहिनी आम्हाला 'चहापिऊ मंडळ' म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं. पुढे शिकवण्यांचं पेव फुटलं. हदगाव, भोकर, मुदखेडची मुलं लातुरात येऊ लागली, तसे मालक जुन्या भाडेकरूंना हलवून एकेका खोलीत चार-चार खाटा टाकू लागले. पाणी आणि रस्ते बाजूला ठेवून माधवराव म्हणाले, "आता घराचंच बघू."

त्याच उन्हाळ्यात शेजारच्या शांताबाईंच्या पत्र्याच्या खोलीत एक भाडेकरू मुलगी अभ्यास करता करता उकाड्याने चक्कर येऊन पडली. माधवरावांनीच तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. परत आले ते संतापूनच, आणि टिपणात लिहिलं, 'पत्र्याच्या खोल्या भाड्याने देण्यास बंदी असावी.' आम्ही शहाण्यांनी माना डोलावल्या. नवऱ्यामागे शांताबाईंचं घर त्याच खोल्यांवर चालत होतं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, पण बोललं कुणीच नाही. मी आपला चेष्टेने म्हणालो, "माधवराव, बंदी आली तर तुम्ही कुठं झोपणार?" सगळे हसले. ते हसले नाहीत. म्हणाले, "माझी भीती मला कळती. त्या पोरीची तगमग बी कळती. दोन्हीला पुरंल असं काई लिवा की! बंदी काय, कुनीबी लिवतं..."

पुढच्या रविवारची बैठक त्यांनी ऐन दुपारी शांताबाईंच्या खोलीत ठेवली. आमचे वकीलमित्र घामाने निथळत म्हणाले, "माधवराव, जीव घेता का?" "मग पोरी कशा ऱ्हातात, वकीलसाहेब?" एवढंच उत्तर मिळालं. त्या दिवशी बंदीचं वाक्य खोडलं गेलं आणि नवं वाक्य आलं: 'मालक स्वतः जीत मे महिन्यातली दुपार काढू शकेल, तीच खोली भाड्याने द्यावी.' महापालिकेने त्या टिपणाचं काय केलं, देव जाणे. माधवराव मात्र उन्हाळाभर मालकांची दारं वाजवत फिरले. "चला, तुमच्याच खोलीत जरा बसू," म्हणायचे. काहींनी तोंडावर दार लावलं. शांताबाईंनी पत्रा उंच केला, खाली तुराट्यांचं, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्यांचं, छत घातलं आणि भिंतीला खिडकी पाडली. त्यांच्याकडच्या भाडेकरू मुली तिथेच राहिल्या, शिकल्या. आमच्या साऱ्या टिपणांतलं तेवढं एकच काम खरं झालं, आणि ते त्या एका माणसाने केलं.

परवा वहिनींना भेटायला गेलो. आतल्या पक्क्या खोल्यांत भोकरच्या दोन बहिणी राहायला आल्या होत्या, त्यांच्या पाठांतराचा मोठा आवाज येत होता. वहिनींचं अंथरूण पत्र्यात होतं. "वहिनी, तुम्ही आत का नाही झोपत?" मी विचारलं. चादरीची घडी करता करता त्या म्हणाल्या,

"इतकी वर्सं आतच झोपले न्हवं, भाऊजी... ह्ये येतील म्हनून. आता आत कुनाची वाट बघू?"