आपल्या माणसाचा सर्व्हर

‘आपल्यात कसले नियम?’ हे वाक्य कानावर पडलं की आता माझं डोकं फिरतं. आमच्याकडे लग्नात, धंद्यात, जमिनीच्या वाटणीत हे वाक्य प्रेमाने म्हणतात. म्हणणाऱ्याचा हात आपल्या खांद्यावर असतो, आणि ऐकणाऱ्याने खूश व्हायचं असतं.

लोणंदच्या अलीकडे आमचं बाजाराचं गाव. तिथे माझं मोटर वायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी येतात आणि तांब्याची नवी तार गुंडाळून घेऊन परत जातात. आमची दहावीची बॅच अजून एकमेकांना धरून आहे. कुणी ऊस लावतो, कुणी फौजेत आहे, कुणी पुण्यात. मोबाईलवरचा आमचा जुना ग्रुप भांडणांनी आणि गुड मॉर्निंगच्या फुलांनी ओसंडून वाहायला लागला, तेव्हा आमच्यातल्याच एकाने नवं काढलं. तो पुण्यात कॉम्प्युटरची नोकरी करून गावी परतला होता. त्याचं म्हणणं, कंपनीच्या दारात बसायचंच कशाला? एक असं समाजमाध्यम आहे की ज्याला एकच एक मालक नाही. जगभर ढिगाने सर्व्हर आहेत, प्रत्येकाचा चालक वेगळा. कुठल्याही एकावर खातं काढा, बाकीच्या सर्व्हरवरच्या लोकांशीही बोलता येतं.

मला ते पटलं. दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी एकेका सर्व्हरची माहिती वाचत बसायचो, कारण खातं ज्याच्याकडे, किल्ली त्याच्याकडे, एवढं मला कळत होतं. एक सर्व्हर मला आवडला. दक्षिणेकडची कुणी अनोळखी माणसं तो चालवत होती. कुणाला, कशासाठी अडवलं जाईल, अडवलं तर त्याला कळवलं जाईल, आणि त्याने दाद कुठे मागायची, सगळं साध्या भाषेत लिहून ठेवलेलं. बॅच मिसळ खायला जमली तेव्हा मी म्हणालो, इथे जाऊया.

“आरं गड्या, परक्याच्या दारात कशाला?” पुण्याहून आलेला म्हणाला. “म्या काढतो की सर्व्हर. आपल्या मानसाचा आसल.”

“आणि नियम?” मी विचारलं.

“आपल्यात कसलं नियम रं!”

सगळे हसले. विषय संपला. मीही तिथेच खातं काढलं. ही माणसं जिथे, तिथे मला राहायचं होतं. परक्या सर्व्हरवर एकट्याने बडबडत बसायची मला हौस नव्हती.

आमच्यात कुणी कुणाला फॉलो केलं नाही. वर्गमित्राला काय फॉलो करायचं, तो काय पुढारी लागून गेलाय? प्रत्येक सर्व्हरचा एक सामायिक फळा असतो. त्या सर्व्हरवर कुणीही काही लिहिलं की ते फळ्यावर येतं. जो तो सकाळी उठून तेवढा फळा उघडायचा. मी जळक्या मोटरींचे फोटो टाकायचो आणि त्याखाली थट्टा चालायची. बरं चाललं होतं.

उन्हाळ्यात आमच्या गल्लीतलं गटार फुटलं. घाण पाणी पायरीपर्यंत आलं. माझे अब्बा त्यातूनच नमाजाला जायचे आणि शेजारच्या काकू त्यातूनच देवळात. मी फोटो टाकला आणि लिहिलं, नगरपंचायतीने हे जरा बघावं. सर्व्हरवाल्याची बायको आमच्याच वॉर्डाची नगरसेविका आहे, हे मला ठाऊक होतं. म्हणूनच वाटलं, काम लवकर होईल.

काम लवकर झालं, पण गटाराचं नव्हे, माझं. त्या फोटोखाली कुणी अवाक्षर लिहिलं नाही. पुढच्या पोस्टवरही नाही. वाटलं, पेरण्या चालल्यात, माणसं कामात असतील. पावसाळाभर मी लिहीत राहिलो. उत्तर यायचं ते एकाच बाईंचं. त्या नागपूरकडच्या, दुसऱ्याच कुठल्या सर्व्हरवरच्या, कधी भेट नाही. घरातल्या पंपाबद्दल विचारायला म्हणून त्यांनी मला फॉलो केलं होतं. त्या मधूनमधून विचारायच्या, “गटाराचं काय झालं हो?” एकदा त्यांनीच लिहिलं, “तुमच्या गावातलं कुणीच कसं काही बोलत नाही? सेटिंगमध्ये जाऊन तुमच्या खात्याची स्थिती बघा बरं.”

बघितली. ‘या खात्यावर मर्यादा घातली आहे.’ म्हणजे माझं लिहिलेलं मला दिसत होतं, बाहेरच्या लोकांना दिसत होतं. फक्त आमच्या फळ्यावर येत नव्हतं. अशी मर्यादा घालताना त्या माणसाला कळवायचं की नाही, एवढा पर्याय चालकाला असतो. कळवू नये, असं आमच्या चालकाने ठरवलं होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो निदान खाणाऱ्याला कळतो तरी. तळपायाची आग मस्तकात गेली. दुकान उघडं टाकून मी त्याच्या सेंटरवर गेलो. लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं त्याचं काम आहे. मला बघून त्याने खुर्ची पुसली.

“व्हय, म्याच केलं,” तो म्हणाला. लपवलंसुद्धा नाही. “इलेक्शन हाय रं. वातावरण लय तापलंय. तुजं नाव बघून कोन काय बी बोललं आसतं. तुज्याच भल्यासाठी केलं.”

“गटाराचा फोटो होता तो.”

“मला ठावं हाय. लोकास्नी कोन सांगनार?”

वातावरण! हाच फोटो शेजारच्या काकूंनी टाकला असता तर ती तक्रार झाली असती. मी टाकला तर वातावरण. बायकोच्या वॉर्डातली घाण झाकायची, आणि त्यावर पांघरूण माझ्या नावाचं घालायचं. वर माझंच भलं! गेली काही वर्षं मी हा शब्द ऐकतोय. वातावरण बिघडू नये म्हणून हे बोलू नको, ते लिहू नको. आता वातावरण बिघडू नये म्हणून गटारातूनही गपचूप चालायचं? मी त्याला म्हणालो, मर्यादा आत्ताच्या आत्ता काढ.

“इलेक्शन झालं की काढतो. आपल्या मानसाचं एवढं बी ऐकायचं न्हाई व्हय?”

मी खुर्चीवर न बसताच निघालो. मागून तो चहा सांगत होता.

त्या आठवड्यात तार आणायला सांगलीला जावं लागलं. शाळेत माझ्या बाकावर बसायचा तो मित्र तिथे विज्ञान शिकवतो. मी दुकान काढलं तेव्हा पहिली मोटर त्याच्या विहिरीवरची आली होती. जळालेली नव्हती. मला बोहनी व्हावी म्हणून त्याने चालू मोटर बाहेर काढून आणली होती. असा हा माणूस. जेवण झाल्यावर मी त्याला सगळं सांगितलं आणि विचारलं, “तू रोज फळा बघतोस. पावसाळाभर त्यावर मी नव्हतो. तुला काही चुकल्यासारखं वाटलं नाही?”



“मला वाटलं, तूच लिवायचं बंद केलंस,” तो म्हणाला. “आन खरं सांगू? बरं वाटलं रं. म्हटलं, शाना झाला गडी. आता काळजी न्हाई.”

तो मनापासून बोलत होता, आणि तेच मला सहन होईना. सर्व्हरवाल्यावर चिडणं सोपं होतं, त्याचा स्वार्थ होता. याचा कसला स्वार्थ? मी बोलत नाही, म्हणून याला बरं वाटलं. गदागदा हलवून विचारावंसं वाटलं, की मी इतका धोक्याचा कधी झालो? पण याच्यावर मला ओरडताही येईना. तारेचं बंडल उचललं आणि स्टँडवर आलो.

एसटीत बसल्यावर मोबाईल काढला. या नेटवर्कवर खातं दुसऱ्या सर्व्हरवर हलवता येतं. लिहिलेलं मागे राहतं, फॉलो करणारी माणसं आपोआप सोबत येतात. कोण येईल ते बघितलं. नागपूरच्या बाई, कुठला कोण पंपवाला, आणखी अशीच कधी न भेटलेली माणसं. बॅचमधलं एक नाव नाही.

कराड मागे पडल्यावर मी त्या दक्षिणेकडच्या अनोळखी माणसांच्या सर्व्हरचा अर्ज उघडला. आमच्याचकडे का यायचं आहे ते थोडक्यात लिहा, असं त्यांनी विचारलं होतं. तुमचे नियम आवडले, असं लिहायला घेतलं आणि खोडलं. राग अजून उतरला नव्हता. मग जे खरं होतं तेच लिहिलं आणि पाठवून दिलं : ‘तुमच्याकडे माझा एकही मित्र नाही, म्हणून.’