रंगात न बुडवलेली पट्टी

यंत्रापुढे माणसानं कधीतरी हार मानायची असते, हे आमच्या कानडी घरमालकांना कुणी सांगितलेलंच नाही. जयलक्ष्मीपुरममध्ये त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायला आले तेव्हा माझ्या यादीत गॅस, पाणी, वायफाय अशी कामं होती. वायफायपुढे ‘काकांना विचारणे’ असं लिहिलं आणि तेव्हापासून माझ्या निम्म्या याद्या तिथेच येऊन थांबतात. काका पंचाहत्तरीचे, पिढीजात कापड रंगवणाऱ्या घरातले. मिक्सरचं माहितीपत्रक ते पंचांगासारखं वाचतात, रिमोटच्या सेलवर घातल्याची तारीख लिहितात, आणि ‘मी सहमत आहे’ हे बटण तर सगळ्या अटी वाचल्याशिवाय दाबतच नाहीत. एकदा माझ्या फोनवरच्या अटी वाचायला बसले. संपेपर्यंत त्यांच्यासाठी आणलेलं उप्पिट गार झालं. वर म्हणाले, “सुम्ने, उगाच कशाला हो म्हणायचं, अम्मा?”

पण त्यांची खरी लढाई टीव्हीला लावायच्या स्टिकशी, आणि ती काकूंसाठी. काकूंना हल्ली माणसं आठवत नाहीत. नातीच्या नाचाचे व्हिडिओ लागले तरच त्या जेवतात. स्टिक मात्र आधी जाहिरात दाखवणार. त्यातला साबणवाला “अक्का, डाग जात नाहीत?” असं विचारायचा आणि काकू ताटावरून उठून काकांना हाक मारायच्या, “री, दारात माणूस आलाय, त्याला कॉफी द्या!” मग जेवण संपलंच. तेव्हा काका या वयात शिकून स्वतः ॲप तयार करते झाले: टीव्ही लावला की थेट नात. मला तर मोबाईलचा अलार्म बदलतानाही घाम फुटतो.

एका सकाळी स्टिकनं आपणहून स्वतःला अपडेट केलं आणि बाहेरचं ॲप चालणार नाही म्हणून सांगितलं. त्या दिवशी काकूंनी घासही घेतला नाही. मी लगेच यादी केली: तक्रार, ग्राहक सेवा, नवा टीव्ही. काकांनी ती नीट वाचली, घडी करून परत दिली आणि कपाटातून फडक्यात गुंडाळलेली दुसरी स्टिक काढली. तिच्यात ॲप होतं, व्हिडिओही होते. एवढं झाल्यावर तिला पुन्हा नेट म्हणून दाखवलं नव्हतं.

“नोडी, हे बघा, रंगाऱ्याच्या घरात सगळंच कापड रंगात बुडवत नाहीत. एक पट्टी कोरी ठेवायची.”

काकांनी ती टीव्हीला लावली. नात नाचली, काकू जेवल्या. नेट नाही म्हणजे नवे व्हिडिओ नाहीत; त्या स्टिकमधली नात आता नऊ वर्षांचीच राहणार.

चार दिवसांनी काकूंनी घास हातातच धरून विचारलं, “री, तो साबणवाला येईनासा झाला?”

काल डबा परत द्यायला खाली गेले, तर टीव्हीशेजारी काका इस्त्रीचा शर्ट घालून, हातात साबणाची वडी धरून ताठ उभे.

“अक्का, डाग जात नाहीत?”

काकू त्यांच्याकडे बघून हसल्या. “डाग राहू देत. तुम्ही कॉफी घ्या हो आधी.”

“घेतो,” काका म्हणाले. “तुमचं जेवण होऊ दे.”