कामाचे दिवस शून्य

"तुम्ही खाली बसा," सर म्हणाले. "गावात कोणी खुर्चीवर बसून उत्तरं देत नाही. जरा खरं वाटू द्या."

भंडाऱ्यातलं भाड्याचं सभागृह. एप्रिल महिना. समोर खुर्च्यांवर मुलंमुली. पुढचे काही महिने ती गावोगाव जाऊन सर्वेक्षण करणार होती. मी त्यांची पर्यवेक्षक. अर्थशास्त्रात एम.ए. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन त्या खुर्च्या मीच मांडल्या होत्या.

मुलाखत कशी घ्यायची हे दाखवायला सरांना एक विधवा बाई हवी होती. नमुन्यापुरती. सरकारची मासिक मदत मिळणारी. सभागृहात आणखीही मुली होत्या. सरांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबली. तुमच्याइतकं हे आयुष्य इथे कोणाला माहीत असणार, असं ते म्हणाले. अगदी मायेने म्हणाले. माझी जात त्यांना माझ्या अर्जावरून माहीत होती. आई शेतमजुरी करायची, हेही.

मी फरशीवर बसले. सर समोर खुर्चीवर. त्यांचे बूट माझ्या गुडघ्याला लागत होते. मागे एक मुलगी हसली. मग दोघेतिघे हसले.

सर राजधानीतल्या संस्थेतले अर्थतज्ज्ञ. सरकारच्या योजनांचा लोकांवर काय परिणाम होतो, हे मोजणं त्यांचं काम. या वेळचा प्रश्न असा: निराधार विधवांना दर महिन्याला पैसे मिळू लागले की त्या मजुरीला जाणं कमी करतात का? सोप्या भाषेत, पैसा दिला की बाई आळशी होते का?

खोटी बाई रचायला मला काही अवघड नव्हतं. पण सरांनी विचारलं, मदत सुरू होण्याआधी धानाच्या रोवणीला जात होता का, आणि माझ्या तोंडून आई बोलायला लागली. हो, जात होते. कापणीलाही? हो. मदत सुरू झाल्यावर? नाही.

"का नाही?" असं सरांनी विचारलं नाही. तो प्रश्नच प्रश्नावलीत नव्हता. मीच म्हणाले, ती आजारी होती. सर थांबले. ही कोण, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माझी आई. दिवाळीनंतर वारली.

ते वाईट वाटून "अरेरे" म्हणाले. खरोखर वाईट वाटलं असावं. मग क्षणभराने म्हणाले, "पण उदाहरण फार चांगलं आहे. आपण पुढे जाऊ."

आणि उठून त्यांनी फळ्यावर लिहिलं. मदतीआधी: नियमित काम. मदतीनंतर: कामाचे दिवस शून्य. मुलामुलींनी ते उतरवून घेतलं. एका मुलाने विचारलं, सर, आजारपण कुठे लिहायचं? सर म्हणाले, कारणं विचारत बसलो तर प्रत्येकाकडे एक कारण असतं. प्रश्नावली लांबते, लोक कंटाळतात.

दोन गोष्टी एकामागोमाग घडल्या म्हणून पहिलीमुळे दुसरी घडली असं होत नाही, हे मी एम.ए.ला शिकले होते. पेपरात लिहून मार्क मिळवले होते. फरशीवर बसून ते वाक्य तोंडातून निघेना.

आमचं गाव पवनीकडचं. बाबा मी शाळेत असतानाच गेले. आई दुसऱ्यांच्या धानाच्या बांध्यांमध्ये वाकून माझी पुस्तकं आणत राहिली. मदतीसाठी अर्ज कर असं तिला सगळे सांगायचे. हात चालतात तोवर कोणाच्या दारात जायचं नाही, हे तिचं ठरलेलं. मग पाय सुजू लागले. दम लागायचा. चिखलातून पाय उपसेना, तेव्हा ती पहिल्यांदा तहसीलला गेली. नंतर किती वेळा गेली, मला माहीत नाही. मी नागपूरला वाचनालयात बसलेली असायची. मंजुरी आली तेव्हा ती खाटेवर होती. मी बातमी सांगितली तर म्हणाली, "अंगात जीव होता तवा पैसा नाही आला. आता कायले आला?"

आधी काम सुटलं. मग मदत आली. सरांच्या फळ्यावर हा क्रम उलटा होता.

मी नोकरी सोडली नाही. का नाही, ते लिहायला हवं. सर मला पीएच.डी.ला घेणार होते. आमच्या वस्तीत तोवर कोणी तिथवर पोचलं नव्हतं. आईला पीएच.डी. म्हणजे काय ते कळत नव्हतं, पण माझी पोरगी अजून शिकून राहिली, असं ती शेजारणींना सांगायची. शिवाय सर वाईट वागत असते तर सोपं झालं असतं. ते वाईट वागत नव्हते. जेवलात का विचारायचे. पुस्तकं द्यायचे. त्यांच्या चांगुलपणाला कुठे धरायचं, हेच कळत नव्हतं. दार उघडं आहे आणि बाहेर पडता येत नाही, असे ते महिने गेले.

मी गावोगाव फिरले. हातात टॅबलेट. बाई उत्तर द्यायची, मी बोट दाबायची, पुढचा प्रश्न यायचा. बाया पाय दाखवायच्या, कंबर दाखवायच्या, मेडिकलचे कागद आणून दाखवायच्या. या सगळ्यासाठी पडद्यावर जागा नव्हती. मी मान हलवायची आणि शून्य दाबायची.

सिहोऱ्याकडच्या एका गावात बाया समाजमंदिराच्या ओट्यावर जमल्या होत्या. त्यातल्या एका म्हातारीने माझे सगळे प्रश्न नीट ऐकून घेतले. मग म्हणाली, "पैसा भेटला म्हणून म्या काम सोडलं काय, हेच विचारून राहिली न वो पोरी तू? तुह्या सायबाले तं महिन्याचे महिन्याले भेटते. त्यानं सोडलं काय काम?"

दुसरी म्हणाली, "सोडलं असन. म्हणून तं हिले पाठवलं."

सगळ्या हसल्या. मीही हसले. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच. परतताना बसमध्ये मात्र रडू आवरेना. शेजारच्या बाईने खिडकीची जागा दिली, काही विचारलं नाही.

पावसाळा संपता संपता निष्कर्ष तयार झाला. मदतीमुळे कामाचे दिवस घटतात. तो अधिकाऱ्यांपुढे मांडायचा होता, भंडाऱ्यातच. आदल्या दिवशी सरांनी माझ्या हातात एक कागद दिला. आकड्यांनी लोक पेंगतात, म्हणून मध्ये एक उदाहरण घेतलं आहे, असं म्हणाले. ते मराठीतून तुम्ही वाचा. इथल्या माणसाच्या तोंडून आलं की परिणाम होतो.

मी वाचलं. पवनी तालुक्यातील एक विधवा शेतमजूर महिला. नाव नव्हतं. नावाची गरज नव्हती.

त्या संध्याकाळी मी नाही म्हणू शकले असते. म्हटलं नाही. उलट आरशासमोर उभी राहून तो कागद मोठ्याने वाचून पाहिला. अडखळू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी उभी राहिले. लांब टेबल, बिस्किटं, चहा. पहिली ओळ वाचली. दुसरी वाचली. ती रोवणीला नियमित जात असे. तिसऱ्या ओळीवर आले आणि कागद खाली ठेवला.

"ही बाई माझी आई होती," मी म्हटलं. "तिला मदतीने घरी बसवलं नाही, आजाराने बसवलं. काम होईना, तेव्हाच ती मदत मागायला गेली. आम्ही ज्या बायांना विचारलं त्यांच्यात अशा किती, ते आम्हाला सांगता येणार नाही. कारण आम्ही ते विचारलंच नाही. हे मी पुढे वाचणार नाही."

 मग टेबलाच्या टोकाचे साहेब शिपायाला म्हणाले, मॅडमना पाणी द्या. म्हणजे मी बोलले ते बोलणं नव्हतं, चक्कर होती. ग्लास समोर आला. मी घेतला नाही. सरांनी स्वतःच पुढचा तक्ता लावला आणि त्याच शांत आवाजात बोलत राहिले.

नंतर व्हरांड्यात ते म्हणाले, "तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं."

"सांगितलं होतं सर. खाली बसून सांगितलं होतं."

ते खिन्न झाले. उदाहरण काढून टाकू म्हणाले. निष्कर्ष मात्र तोच राहील, एका बाईने सरासरी बदलत नाही. आणि दुःख ओसरलं की या, तुमची जागा आहेच. मी म्हटलं, मी येणार नाही. त्यांना ते ऐकू आलं नसावं, कारण त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तो बाजूला केला.

अहवाल छापून आला. मदतीने कामाची ओढ कमी होते, असं वर्तमानपत्रातही आलं. उद्या कोणी ही मदत कमी केली तर त्यामागे त्या अहवालाचं बळ असेल. शेवटच्या पानावर आभारात माझं नाव आहे. ते काढा, असं मी दोनदा कळवलं. उत्तर नाही. मी पुन्हा कळवणार आहे.

आता मी एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. पीएच.डी.साठी दुसरा मार्गदर्शक अजून मिळालेला नाही. अर्थशास्त्र सोड, बी.एड. कर, असं मामा म्हणतो. मी सोडणार नाही. ते शास्त्र सरांसारख्यांकडे ठेवून मी घरी बसले तर आमची माणसं कायम त्यांच्याच फळ्यावर राहतील. सुट्टीत मी त्याच गावांत परत जाते. ज्या बायांपुढे शून्य दाबलं त्यांच्याजवळ बसते आणि जे विचारलं नव्हतं ते विचारते. काही जणी आता नाहीत. त्यांच्या लेकीसुनांना विचारते. हे सगळं मी मांडणार आहे, आकड्यांत, सरांना खोडता येणार नाही अशा रीतीने. त्यांच्याच सभेत, उभी राहून.

आई त्यात कुठेही नसेल. तिला मी कोणाचा पुरावा होऊ देणार नाही. माझासुद्धा नाही.